वांग्याला वाळीत टाकलं हो!

ऐकलंत का? नाही? मग आधी दार लोटून घ्या, इथे बसा, आणि मी सांगितलं म्हणून कुठे बोलू नका.

आमच्या बी विंगच्या काकूंनी वांगं सोडलं.

हसू नका. वांगं सोडण्यात काय मोठंसं, असं मलाही आधी वाटलं होतं. आषाढी आली की आमच्या सासूबाईही सोडतात. त्याआधी कांदेनवमीला कांदाभजी आणि भरली वांगी पोटभर चापायची आणि मग कांदा-लसूण-वांग्याचं नाव काढायचं नाही, ही आमच्या घरची जुनी पद्धत. पण काकूंनी विठोबासाठी नाही, गुडघ्यासाठी सोडलं. आणि एकट्या वांग्याशी वाकडं असतं तर ठीक होतं. त्यांनी वांग्याच्या अख्ख्या घराण्याशी संबंध तोडले. टोमॅटो, बटाटा, ढोबळी मिरची, हिरवी मिरची, लाल तिखट. एकेक नाव ऐकता ऐकता मी जिन्यातच मटकन खाली बसले.

झालं असं, की श्रावणात काकूंच्या भाचीने एक व्हिडिओ पाठवला. गोरीपान बाई, मागे पांढरंशुभ्र स्वयंपाकघर, ओट्यावर एक डाग नाही. (जिच्या ओट्यावर हळदीचा डाग नाही तिच्या सांगण्यावरून भाजी सोडू नये, हे माझं मत. असो.) ती म्हणाली, नाइटशेड भाज्यांनी अंगात सूज येते, सांधे धरतात, सोडून बघा. काकूंनी व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. आता नाइटशेड म्हणजे काय, हे विचारून आपलं अज्ञान कोण दाखवणार? ज्याने त्याने आपापला अर्थ लावला. नाइट म्हणजे रात्र, तेव्हा या भाज्या रात्री खायच्या नसतील. पहिला आठवडाभर निम्मी विंग रात्री दुधी खात होती आणि वांगी सकाळी नवऱ्यांच्या डब्यात भरून लोकलने धाडत होती. मग भाचीनेच खुलासा पाठवला, की नाइटशेड हे वनस्पतींच्या एका कुळाचं इंग्रजी नाव आहे, शास्त्रात त्याला सोलॅनेसी म्हणतात, आणि त्यातलं दिवसा-रात्री काहीच खायचं नाही. त्यावर ग्रुपवर जी शांतता पसरली, तशी पाणीकपातीच्या नोटिशीलाही पसरत नाही.

त्यानंतर सुरू झाल्या चौकशा. स्थळ आलं की आपण कसं मुलाचं कूळ काढतो, मामाकडचे कोण, चुलते काय करतात, तशी भाज्यांची कुळं निघाली. रताळं बिचारं इंग्रजी नावात पोटॅटो आहे म्हणून दोन दिवस कोठडीत बसलं. ते निघालं गारवेल आणि बेशरमीच्या नात्यातलं, म्हणून सुटलं. काळी मिरी मिरचीची बहीण असेल असा संशय होता. ती निघाली विड्याच्या पानाची. सुटली. लाल तिखट मात्र तिसऱ्या आठवड्यापर्यंत कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. काकू हिरवी मिरची कटाक्षाने टाळून आमटीत चमचाभर लाल तिखट घालत होत्या आणि गुडघा कसा हलका वाटतो ते जिन्यात थांबून थांबून सांगत होत्या. लाल तिखट म्हणजे वाळवून कांडलेली मिरचीच, हे ज्या दिवशी कोणीतरी बोललं, त्या दिवशी संध्याकाळी गुडघा पुन्हा दुखायला लागला.

मग साथच पसरली. ए विंगच्या वहिनींना आमवात आहे, त्यांनी टोमॅटो सोडला. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना काही नाही, पण आपण मागे का राहावं म्हणून त्यांनी ढोबळी मिरची सोडली, जी त्यांना कधीच आवडत नव्हती. गणपतीत सोसायटीची पावभाजी असते; यंदा सभेत चर्चा झाली आणि ठराव झाला, की पावभाजीऐवजी दुधी-चणाडाळ आणि पाव. मुलांनी तो पाव नुसता खाल्ला. आपल्या राज्यात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे म्हणतात. वाळीत टाकलेल्या माणसाला त्यात दाद मागता येते. वांग्याने जावं कुठे?

मुरबाडकडून पाटी घेऊन येणाऱ्या भाजीवाल्या मावशींनी तर मला रस्त्यात धरलं. कोवळी, काटेरी, देठाला अजून दव, अशी वांगी, आणि आमच्या बिल्डिंगीतलं कोणी हात लावेना. "काय गं बाय, वांग्यानं काय घोडं मारलं तुमचं?" मी काय सांगणार? अमेरिकेतल्या एका बाईला सूज येते म्हणून शहाडच्या रस्त्यावर तुझी पाटी पडून आहे, असं सांगू?

स्टेशनपलीकडे कॅम्प एकला माझी एक सिंधी मैत्रीण आहे. तिला म्हटलं, तू काय सोडलंस? ती म्हणाली, सासूने सिंध सोडलं, पण आलू टुक नाही सोडलं. लष्कराच्या बराकीत चूल मांडून पहिल्यांदा तेच केलं होतं. आता माझ्या गुडघ्यासाठी मी सोडू? १९४९ साली ज्या छावणीचं उल्हासनगर झालं तिथली ही माणसं. सोडणं म्हणजे काय ते त्यांना कोणी शिकवायला नको. तिने मला दोनदा तळलेला, वरून तिखट-आमचूर भुरभुरलेला बटाटा खायला घातला. हे मी काकूंना सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

आता खरी भानगड ऐका. घराण्यावर आळ आला तो काही उगाच नाही. या कुळात काही नग आहेतच. धोतरा यातलाच, जो महादेवाला वाहतात आणि माणसाने खाल्ला तर भ्रम होतो. युरोपातला बेलाडोना यातलाच. त्याचा रस डोळ्यांत घालून तिकडच्या बायका बुबुळं मोठी करून घ्यायच्या, म्हणून नावच पडलं सुंदर स्त्री. त्याच्यापासून निघणारं अ‍ॅट्रोपिन पुढे औषध झालं. फवारणी करताना विषबाधा झालेल्या शेतकऱ्याला इस्पितळात टोचतात ते हेच. म्हणजे घराण्यातला बदनाम भाऊच वेळेला धावून येतो. आणि तंबाखू! तंबाखू तर वांग्याची सख्खी चुलत बहीण. आता सांगते ते कानात घ्या: काकू ज्या वेळी वांगं कसं विषारी हे मला ओट्याशी उभ्या राहून समजावत होत्या, त्याच वेळी काका बाहेरच्या कठड्याला टेकून तळहातावर चुना-तंबाखू मळत होते. वांग्यात निकोटीन असतं, असंही त्या व्हिडिओत होतं म्हणे. असतं ना! १९९३ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी ते मोजून एका वैद्यकीय नियतकालिकात छापलंही. दहा किलो वांगी खाल्ली तर एका सिगारेटीएवढं निकोटीन पोटात जाईल. दहा किलो म्हणजे आमच्या बिल्डिंगीचा भंडारा होतो. काका चिमटीत धरतात त्यात याच्या कितीतरी पट असतं, आणि ते घराण्याबाहेर धरलं गेलं, कारण ती भाजी नव्हे.

पण काकांचं जाऊ द्या, काकूंचंच बघा. गुडघ्यासाठी त्या रात्री दुधातून काय घेतात? अश्वगंधा. अश्वगंधा वांग्याच्याच कुळातली. बाळंतपणापासून कपाटात दशमूलारिष्टाची बाटली असते. त्या दहा मुळांतली रिंगणी आणि डोरली ही तर रानवांगीच, निळ्या फुलांची, काट्यांची. भाचीने महागडी गोजी बेरी पाठवली, सूज उतरायला. तीही त्याच घराण्यातली. आणि शेवटचा कहर म्हणजे मलम. काकू झोपताना गुडघ्याला जे चोळतात त्याच्या डबीवर बारीक अक्षरात लिहिलंय, कॅप्सेसिन. मिरचीचा जो तिखटपणा असतो ना, तेच. ते चोळल्याने दुखण्याचा निरोप नेणाऱ्या नसा थकून गप्प बसतात, आणि गुडघेदुखीत डॉक्टर ते खरोखर देतात. म्हणजे मिरची ताटातून हाकलली आणि अंथरुणात घेतली. कुंडीतल्या रातराणीचं मी काही बोललेच नाही. तीही त्यातलीच. उगाच काकू कुंडी खाली फेकायच्या आणि कोणाच्या तरी डोक्यात पडायची.

हे खूळ निघालं कुठून, ते मी शोधून काढलं. (पदर खोचल्याशिवाय अशा गोष्टी कळत नाहीत.) अमेरिकेत न्यू जर्सीला रटगर्स विद्यापीठात नॉर्मन चाइल्डर्स नावाचे फळबागांचे प्राध्यापक होते. सांधे त्यांचेच दुखत. या भाज्या सोडल्यावर त्यांना बरं वाटलं, म्हणून १९७० च्या दशकात त्यांनी लोकांना सोडायला सांगितलं, लोकांकडून पत्रं मागवली आणि पुस्तकं लिहिली. माणूस प्रामाणिक असेल; पण ज्यांना बरं वाटलं ते पत्र लिहितात, ज्यांना काहीच झालं नाही ते टोमॅटोचं सार पीत गप्प बसतात. शिवाय अर्जेंटिनात या कुळातलं एक रानझुडूप खाऊन गुरांच्या अंगात चुना साचतो, ती आखडतात, हे खरं आहे. त्या झुडुपात ड जीवनसत्त्वाचं तयार औषधच असतं. पण आपण ते झुडूप खात नाही, आणि वांगं म्हणजे ते झुडूप नव्हे. एका चुलतभावाने दरोडा घातला म्हणून सगळ्या भावकीला तुरुंगात घालायचं का?

पुढे २०१६ मध्ये अमेरिकेतला टॉम ब्रेडी नावाचा फुटबॉलपटू टोमॅटो, मिरची, वांगी खात नाही, असं त्याच्या खानसाम्याने सांगितलं आणि गाजलं. त्यानंतरच्या वर्षी स्टीव्हन गंड्री या हृदयशल्यविशारदाने भाज्यांतल्या लेक्टिनवर पुस्तक काढलं, टोमॅटोची सालं-बिया काढा म्हणून सांगितलं. लेक्टिन कुकरच्या शिट्टीला घाबरतं, हे राजमा नीट शिजवणाऱ्या कोणत्याही बाईला पुस्तकाशिवाय माहीत असतं. पण मला विचारायचंय ते वेगळंच. ब्रेडीचे गुडघे आणि आमच्या काकूंचे गुडघे यांचा संबंध काय? त्याला मैदानावर दीड-दीडशे किलोचे गडी येऊन आपटतात. काकूंना शहाड स्टेशनचा पूल.

एक आठवण करून देऊ? २०२३ चा जुलै. टोमॅटो शंभरी ओलांडून वर गेला होता. माळशेजपलीकडे नारायणगावच्या बाजारात क्रेटकडे लोक सोनं असल्यासारखं बघत होते, आणि इकडे आमच्या अख्ख्या सोसायटीत महिनाभर आमटीत कोकम आणि चिंच होती. अख्खं शहाड सक्तीने टोमॅटो सोडून बसलं होतं. तेव्हा कोणाचा गुडघा बरा झाल्याचं माझ्या तरी कानावर आलं नाही. आणि माझ्या कानावर येत नाही असं फारसं काही घडत नाही.

दिवाळीत माझी मावसबहीण आली. ती आहारतज्ज्ञ. फराळाला काकू होत्याच. (चिवड्यात मिरची, म्हणून फक्त अनारसे खाल्ले. किती ते विचारू नका.) काकूंनी तिला विचारलं, "मला बरं वाटतंय ते खोटं का मग?" ताईने फार शांतपणे विचारलं, "काकू, बटाटा सोडल्यापासून वडापाव बंद झाला असेल?" झाला. "समोसा, वेफर, पावभाजी?" बंद. "वजन उतरलं?" अडीच किलो. "मग गुडघ्याला बरं वाटणारच. एक किलो वजन उतरलं की पावलागणिक गुडघ्यावरचा चारेक किलोचा भार उतरतो." म्हणजे हिशोब करा, स्टेशनचा पूल चढताना पायरीपायरीला दहा किलो कमी. श्रेय मात्र वांगं न खाण्याला. वड्याचं तेल वांग्यावर म्हणतात ते असं उलटंही निघतं, मला माहीत नव्हतं.

ताईने आणखी जे सांगितलं त्याने ग्रुपवर वादळ झालं. सांधेदुखी आणि या भाज्यांचा संबंध नीट चाचण्या करून कोणी दाखवलेला नाही, आणि संधिवातावर काम करणारी अमेरिकेतली आर्थ्रायटिस फाउंडेशन हेच सांगते. उलट टोमॅटोचा लाल रंग, लायकोपिन, हा तेलाच्या फोडणीत शिजल्यावर अंगाला जास्त लागतो, म्हणजे सार करणाऱ्या आपल्या आज्या बरोबर होत्या. वांग्याच्या जांभळ्या सालीत गुणाचे रंग असतात, म्हणून भरल्या वांग्याची साल काढणारा करंटा. शंभर ग्रॅम वांग्यात जेमतेम पंचवीस उष्मांक. पण ते तेल स्पंजासारखं पितं, तेव्हा त्याच्या नावावर आपण काय काय खातो ते आपलं आपण बघावं. हिरव्या मिरचीत वजनाला वजन संत्र्याहून जास्त क जीवनसत्त्व. हंगेरीतल्या सेगेद गावचा सेंट-ग्यॉर्गी नावाचा शास्त्रज्ञ सांगायचा, की एका रात्री बायकोने ताटात वाढलेली मिरची त्याला खायची नव्हती, म्हणून तो ती उचलून प्रयोगशाळेत घेऊन गेला. तिच्यात त्याला क जीवनसत्त्वाची खाणच सापडली आणि १९३७ चं नोबेल मिळालं. बायकोने वाढलेलं न खाण्याचं इतकं मोठं बक्षीस दुसऱ्या कोणाला मिळाल्याचं ऐकिवात नाही. आमच्यांना हे सांगितलं नाही. ते उद्या दुधी घेऊन कचेरीत जायचे.

काही लोकांना खरंच बाधतं, हेही ताईने सांगितलं. वांगं खाल्लं की त्रास होतो, अशी तक्रार म्हैसूरकडे २००८ साली छापलेल्या एका पाहणीत शंभरात नऊ जणांनी केली; तपासून पाहिलं तर खरी अ‍ॅलर्जी शंभरात एकालाही धड नव्हती. त्या एकाने मात्र वांग्यापासून लांब राहावं, त्याची थट्टा करू नये. छातीत जळजळणाऱ्याने टोमॅटो-मिरची आवरावी. मधुमेह असलेल्याने बटाट्याला भाजी न म्हणता भात म्हणावं आणि तितकंच मोजून वाढून घ्यावं. मूत्रपिंडं थकलेल्यांची गोष्ट सगळ्यांत गंभीर. बटाट्यात आणि टोमॅटोत पोटॅशियम भरपूर, ते साचलं तर हृदयाशी खेळ. त्यांनी डॉक्टरला विचारूनच खावं, आणि बटाटा बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून द्यावं. टोमॅटोच्या बियांनी मुतखडा होतो, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. पण मुतखड्याला लागणारं ऑक्झलेट टोमॅटोत नावापुरतं आणि पालकात त्याच्या कितीतरी पट. पालकावर मात्र कधी बहिष्कार पडला नाही. पालक चांगल्या घरचा ना.

पण अहो, खरं लफडं वेगळंच आहे, आणि ते काकूंच्याच घरात सापडलं. फराळाच्या निमित्ताने ताई काकूंकडे गेली, पाणी प्यायला आत गेली आणि खिडकीच्या गजाला टांगलेल्या प्लास्टिकच्या पिशवीसमोर थबकली. बटाटे. सोडण्याआधी आणलेले, मग काकांपुरते राहिलेले. हिरवेगार पडलेले, बोटबोट कोंब फुटलेले. "हे काय?" काकू म्हणाल्या, "यांच्यासाठी गं. कोंब काढून टाकते, बाकी चांगलेत." ताई खुर्चीतच बसली.

व्हिडिओवाल्या बाईने जे सांगायला हवं होतं आणि सांगितलं नाही, ते हे. बटाट्याला उजेड लागला की तो हिरवा होतो. हिरवा रंग पानांतलाच, निरुपद्रवी. पण त्याच उजेडाने आतमध्ये सोलॅनिन वाढतं, आणि ते खरं विष. किलोभर बटाट्यात दोनशे मिलिग्रॅमपर्यंत चालतं असं धरतात. हिरव्या सालीत आणि कोंबांत ते भलतंच चढतं. उकडून जात नाही, तळूनही जवळजवळ जात नाही. लेक्टिनसारखं ते शिट्टीला घाबरत नाही. एकदा लंडनमधल्या एका शाळेत जेवणातले बटाटे खाऊन ७८ मुलगे आजारी पडले, उलट्या, जुलाब, पोटात कळा, सतरा जणांना इस्पितळात न्यावं लागलं. सगळे वाचले. शोध घेतला तर उन्हाळ्याच्या सत्रातली एक जुनी बटाट्याची गोणी राहून गेली होती. राहून गेलेली गोणी! म्हणजे काकूंच्या गजाला टांगलेली पिशवीच की.

कमी हिरवा असेल तर जाड साल आणि डोळे खोल कोरून काढावेत. फार हिरवा असेल, किंवा शिजल्यावर कडू लागला, तर टाकून द्यावा. वाया गेला म्हणून हळहळू नये. बटाटे अंधारात, हवेशीर जागी, गोणपाटात ठेवावेत. कांद्याच्या टोपलीत नकोत, दोघं शेजारी असले की लवकर मोडावतात. आणि जो भाजीवाला रात्रंदिवस ट्यूबलाइटखाली बटाट्याचा डोंगर मांडून बसतो, त्याच्याकडे वरचे उचलू नका, हात खाली घाला. एवढंच. यासाठी व्हिडिओ निघत नाहीत, कारण यात कोणाला काही सोडायचं नसतं.

काकूंनी पिशवी कचऱ्यात टाकली. काकांकडे न बघता.

त्या रात्री मी आमच्या सासूबाईंना सगळं रंगवून सांगितलं. त्या वाती वळत होत्या. सासूबाईंचं माहेर ओतूरकडचं, उपासतापास कडक. दर आषाढीला आम्ही त्यांना बिर्ला मंदिरातल्या विठोबाला नेतो, आणि रांगेतून आल्यावर ताटात असते साबुदाण्याची खिचडी, मिरची घातलेली, बटाटा घातलेली. बटाटा आणि मिरची दोन्ही पोर्तुगिजांच्या गलबतांतून अमेरिकेहून आलेली. बटाटा हे नावही त्यांचंच. साबुदाण्याचा कंदही तिकडचाच. म्हणजे इथल्या मातीतलं वांगं एकादशीला बंद आणि परदेशी बटाटा उपासाला पवित्र! मी हे म्हटलं तर सासूबाई म्हणाल्या, "विठोबाला चालतंय ना? मग तू कशाला पासपोर्ट तपासतेस?"

मग मी त्यांना पुराणातल्या वांग्यांच्या गोष्टीची आठवण करून दिली. पुराणिकबुवा वांगी निषिद्ध म्हणून सांगतात, बायको ते ऐकून घरी वांगी करायची थांबते, आणि बुवा जेवायला बसल्यावर म्हणतात, पुराणातली वांगी पुराणात! म्हटलं, काकू तशाच. सासूबाई म्हणाल्या, नाही, बुवाची बायको बरी होती. तिने एक वेळचा स्वयंपाक चुकवला. "आम्हीही सोडतो. पण सांगून सोडतो आणि सांगून धरतो. तुमच्या काकूंनी सोडलं खरं, धरणार कधी?"

आता याला योगायोग म्हणा. दुसऱ्या दिवशी ताईने काकूंना जे लिहून दिलं ते हेच होतं. तिच्या धंद्यातही सोडण्याला मुदत असते. संशय असेल तर तीन-चार आठवडे सगळं बंद, मग एकेक पदार्थ परत घ्यायचा, मध्ये तीन-चार दिवस जाऊ द्यायचे आणि काय होतं ते वहीत लिहायचं. काही झालं नाही, तर तो सुटला. आजन्म सोडलं तर कळणारच कसं, दोष कोणाचा होता? काकू श्रावणापासून सोडून बसल्यात, ताईच्या हिशोबाने त्यांची मुदत केव्हाच संपली. वहीचं पहिलं पान त्यांनी माझ्यासमोर उघडलं, पेन हातात घेतला आणि विचारलं, "पण सुरुवात कोणत्या दिवशी करू?"

मी काही बोलायच्या आत सासूबाई आतून म्हणाल्या, "चंपाषष्ठीला."

मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी. त्या दिवशी खंडोबाला वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा दाखवतात, आणि त्या दिवसापासून आमच्याकडे वांगं पुन्हा सुरू होतं. मुरबाडच्या मावशींना मी आधीच सांगून ठेवलं, दोन मोठी भरिताची, बिया कमी असलेली, राखून ठेवा. त्या म्हणाल्या, "आलं का बिल्डिंगीला शहाणपण?" मी म्हटलं, एक वांगं आलंय, शहाणपणाचं बघू.

परवा संध्याकाळी काकू चहाला आल्या. वही बरोबर. जरा घुटमळल्या, मग सासूबाईंना म्हणाल्या, "भरितात मिरची घालता ना हो तुम्ही? नाही, ताईने एका वेळी एकच सांगितलंय. वांगं घेतलं तर मिरची पुढच्या आठवड्यात. तुम्ही माझ्यापुरतं मिरी घालून केलंत तर?"

खंडोबाच्या भरितात मिरी! माझ्या हातातली बशी हलली. सासूबाईंनी वात वळून पूर्ण केली, ताटलीत ठेवली, आणि म्हणाल्या, "खंडोबाला विचारते आणि सांगते."

तेवढ्यात जिन्यातून चुन्याची डबी बंद झाल्याचा आवाज आला आणि काका दारात उभे राहून हळूच म्हणाले, "वहिनी, माझं मात्र मिरचीचंच काढून ठेवा हं."